पोलादी गिटार आणायला कुरुळीला

सोमवार, ९ ऑक्टोबर १९७८. मिरज स्टेशन, सकाळची गाडी. हजर: मी, माझे थोरले भाऊ दादा, वय एकसष्ट, निवृत्त शिक्षक, आणि दादांची गिटारची पेटी, रिकामी, आत घडी करून ठेवलेली जुनी चादर. मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. तिथे टाके घालण्याआधी प्रत्येक चिमटा आणि बोळा मोजून घ्यावा लागतो, त्यामुळे प्रवासातही आधी हजेरी, मग बाकीचं, अशी सवय लागली आहे.

कशासाठी निघालो तेही सांगते. दादा हवाईन गिटार वाजवतात. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवतात. तीस वर्षं त्यांनी शाळा सांभाळून वर्ग घेतले. गेल्या तीन वर्षांत त्यांचे कान गेले. पूर्ण नाही, पण इतके की स्वतःची गिटार त्यांना भिंतीपलीकडे कुणी वाजवत असल्यासारखी ऐकू येते. कानातलं मशीन लावून पाहिलं, तर गिटारपेक्षा छतावरचा पंखा मोठा वाटतो म्हणाले. विजेची गिटार आणली, तिच्या भोंग्यातून त्यांना नुसती घरघर पोचते. या वर्षी जूनमध्ये त्यांनी वर्ग बंद केले आणि पेटी माळ्यावर टाकली. ती मी उतरवली.

कारण दादांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं पत्र आलं. तो पिंपरीत नोकरी करतो. त्याने लिहिलं, इथे चिंचवडला माणिकराव कसबे म्हणून एक प्रेस ऑपरेटर आहेत, ते घरी पत्र्याची गिटार बनवतात. तिच्या पोटात अॅल्युमिनियमची पातळ वाटी पालथी बसवलेली असते, तारांचा जोर त्या वाटीवर येतो आणि वीज नसताना साध्या गिटारीच्या तिप्पट आवाज निघतो. मी त्याच दिवशी माणिकरावांना पत्र टाकलं. चार पत्रांत सगळं ठरलं. पैशाचंही पत्रातच मिटलं.

मिरजेत हे ऐकून लोक हसले. आमच्या गल्लीच्या टोकालाच सतार बनवणारे राहतात. त्यातले एक वयस्कर कारागीर दादांना म्हणाले, "मास्तर, लाकूड गातं. पत्रा फक्त ठणाणा करतो." दादांना ते ऐकू गेलं नाही. मी सांगितलंही नाही.

चिंचवड, सोमवार संध्याकाळ

रेल्वेत सांगण्यासारखं काही घडलं नाही. पुण्याहून चिंचवडला बसने गेलो. कंडक्टरने पेटीकडे बोट दाखवून विचारलं, "यात काय?"

"काही नाही, रिकामी आहे."

"मग रिकामी कशाला हिंडवताय, बाई?" असं म्हणून त्याने सामानाचं तिकीट फाडलंच.

ठरल्याप्रमाणे माणिकराव स्टॉपवर उभे होते. पन्नाशीचे, ठेंगणे, खांद्याने रुंद, खाकी पँट, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. मी जवळ जाऊन नमस्कार केला. त्यांनी असा काही आवाज काढला की रस्त्यापलीकडचा पानवाला वळून बघायला लागला. "या या ताई! प्रवास बरा झाला का?"

मी म्हटलं, "हळू बोललात तरी चालेल, मला ऐकू येतं. दादांना येत नाही."

"काय म्हणायल्यात?"

तेव्हा कळलं. दादांचे कान गेल्याचं मी पत्रात सविस्तर लिहिलं होतं. स्वतःचेही गेल्याचं त्यांनी मला लिहिलं नव्हतं. सोळा वर्षं प्रेस शॉपमध्ये आहेत. पत्रा कापणाऱ्या मशीनचा ठोका दर चार सेकंदाला, आठ तास. मूळचे उदगीरकडचे. "मला दुसऱ्यांची वाद्यं ऐकू येत नव्हती, म्हणून तर ही बनवायला लागलो," असं ते ओरडून म्हणाले आणि स्वतःच हसले. दादांनी विचारलं, "काय म्हणतात?" मी दादांच्या कानात ओरडले. पुढचे दोन तास मी दोघांच्या मधे बसून दोन्ही बाजूंना ओरडत होते.

चाळीतल्या दोन खोल्या. घरात बायको नव्हती. हौसाबाई खंडेनवमीच्या तयारीला कुरुळीला माहेरी गेल्या होत्या; माणिकरावांचं वर्कशॉपही तिथेच, सासऱ्यांच्या जुन्या गोठ्यात आहे. चाळीत पत्रा ठोकायला शेजारी देत नाहीत. स्वयंपाक माणिकरावांनी स्वतः केला होता: लसणाची फोडणी दिलेलं पिठलं, ज्वारीच्या भाकरी आणि तेलात परतलेल्या मिरच्या. आम्ही कोल्हापूर-सांगलीकडची माणसं तिखटाला भीत नाही, पण दादांना तिसऱ्या घासाला उचकी लागली. माणिकरावांनी गुळाचा खडा पुढे केला.

जेवणानंतर त्यांनी कागद पसरला. गिटारीचं पूर्ण ड्रॉइंग, तीन बाजूंनी काढलेलं, प्रत्येक माप मिलिमीटरमध्ये. देहूरोडच्या एका निवृत्त लष्करी बँडवाल्याने अशीच पत्र्याची एक मोडकी परदेशी गिटार त्यांच्याकडे सांधे झाळायला आणली होती. दुरुस्तीआधी त्यांनी ती मोजून घेतली. "झाळायला एक दिवस, मोजायला अकरा," म्हणाले. आमच्याकडचे सतारवाले माप सांगत नाहीत. भोपळा हातात फिरवतात, बोटाने वाजवतात, वर्षभर वाळत टाकतात आणि 'झाला' म्हणतात. इथे 'झाला' म्हणायला मिलिमीटरचाही अंश मोजणारा व्हर्निअर लागतो. कुठलं बरं हे मी ठरवत नाही. मला स्वतःला मोजणाऱ्यांच्यात बरं वाटतं.

माझा घसा बसला तसं माणिकरावांनी मला हाताने थांबवलं आणि दादांसमोर बसले. प्रेस शॉपमध्ये आवाजामुळे कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, म्हणून तिथले लोक खुणांनी बोलतात. त्यांनी एकेक खूण केली आणि अर्थ ड्रॉइंगच्या मागे लिहून दाखवला. खांद्यावर दोन बोटं: सुपरवायझर येतोय. मुठीवर तळहात: मशीन अडकलं. कानाची पाळी ओढणं: ओव्हरटाइम. पोटावर उलटा हात: डबा काय आणलास. अर्ध्या तासात दादांनी पंधरा-वीस खुणा उचलल्या. मग माणिकराव पोटावर उलटा हात ठेवून विचारायचे, आणि दादा हवेत मिरची काढून उचकी देऊन दाखवायचे. मी वही काढून दुसऱ्या दिवसाची यादी केली. बऱ्याच महिन्यांनी दादांच्या वाटचं बोलायला माझी गरज लागली नाही.

कुरुळी, मंगळवार, खंडेनवमी

इथे माझी चूक कबूल करते. कारखान्याला सुट्टी असेल म्हणून मी मुद्दाम खंडेनवमीचा दिवस निवडला होता. त्या दिवशी हत्यारांची पूजा होते, हे मला माहीत होतं. पूजेनंतर हत्यार उचलत नाहीत, हे माझ्या यादीत आलं नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये आम्हीही कात्र्यांना हळद-कुंकू लावतो, पण पेशंट आला की लगेच धुऊन वापरतो.

माणिकराव सकाळी कंपनीतली पूजा आटोपून पेढे घेऊन आले. दुपारी नाशिक रस्त्याने निघालो. भोसरीत शेडची दारं उघडी होती, आत लेथ आणि प्रेसना झेंडूच्या माळा, नवे कपडे घालून बायकामुलं मशीन बघत फिरत होती. एक बाई नवऱ्याला विचारत होती, "ह्याच्यावरच उभे असता व्हय दिवसभर?" मोशीला इंद्रायणी ओलांडली आणि शेडची जागा कांद्याच्या रोपांनी घेतली.

हौसाबाई अंगणात उभ्या होत्या. उंच, सावळ्या, नऊवारी. पाणी दिलं, गूळ दिला आणि पहिलंच वाक्य बोलल्या ते मला, खालच्या आवाजात. त्या घरात तेवढ्या आवाजात बोलणारी त्यांच्याशिवाय मीच. "लई दिसांनी हळू बोलायला कुनी मिळालं."

गोठ्यात शेणाने सारवलेल्या जागी पाटावर सगळी हत्यारं ओळीने मांडली होती: हातोड्या, कानशी, पत्राकात्री, व्हर्निअर, स्क्रू-ड्रायव्हर. हळद-कुंकू, अक्षता, झेंडू. आणि ओळीच्या मध्यभागी, माळ घालून, दादांची गिटार.

मी तिच्याकडे नीट बघितलं. लेथ मशीनला देतात तसा खवल्याखवल्यांचा राखाडी रंग. पाठीला आणि कडांना झाळलेल्या जागा शोधूनही सापडेनात. मान सागवानी. समोर ताटाएवढं गोल झाकण, त्याला फुलाच्या आकाराची भोकं. माथ्यावर पितळी पट्टी, तिच्यावर ठोकलेला आकडा: ५. याआधीच्या चार त्यांनी मोडून टाकल्या होत्या.

माणिकराव उचलायला वाकले तशा हौसाबाई म्हणाल्या, "पूजा झालिया. आज हत्यार हालवायचं न्हाई."

"हे हत्यार नाही," माणिकराव म्हणाले. "हा तयार माल आहे."

"पाटावर मांडलंय की."

"मांडलंय तूच. माल तयार झाला की डिस्पॅच करायचा असतो. कंपनीत आज ट्रक थांबलेत का?"

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माल गिऱ्हाइकाला देणं म्हणजे काम नव्हे." माझा स्वार्थ होता, पण मुद्दाही बरोबर होता. त्यांनी गिटारीची माळ काढली, दादांच्या हातावर हळद-कुंकू ठेवलं आणि म्हणाल्या, "घ्या भाऊ. पर बाकीच्याला हात न्हाई."

दादा ओट्यावर बसले. गिटार मांडीवर घेतल्यावर वजनाने त्यांचे गुडघे जरा दबले. तारा लावल्या. कांडी ठेवली आणि सर्वांत जाड तार छेडली.

आवाज मोठा होता. गोठ्यापलीकडे बांधलेल्या म्हशीने मान वर केली. पण मी दादांकडे बघत होते. वाजवताना गेली तीन वर्षं ते कान पुढे काढून, मान वाकडी करून बसतात. आज मान सरळ होती. त्यांनी दुसरी तार छेडली, तिसरी छेडली, मग डोळे मिटून एक संथ चाल घेतली. मधेच थांबून मला म्हणाले, अगदी साध्या आवाजात, "माझी मलाच ऐकू येतेय गं."

माणिकराव समोर उकिडवे बसून गिटारीच्या कडेला बोटांची टोकं लावून ऐकत होते. त्यांनी अंगठा वर केला. हौसाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि स्वयंपाकाला गेल्या.

आणि मला झिरझिर ऐकू येत होती.

प्रत्येक सुराच्या मागे एक बारीक, पत्र्यावर वाळू सांडल्यासारखी झिर्र. मला गाण्यातलं कळत नाही, पण सैल झालेला स्क्रू कळतो. चालीत दादा वर गेले की ती वाढायची. दादांच्या चेहऱ्यावर काही नाही. माणिकरावांच्या चेहऱ्यावर काही नाही. हे वाद्य मिरजेत नेलं आणि गल्लीच्या टोकाच्या लोकांसमोर वाजवलं, तर ते काय म्हणतील ते मला माहीत होतं, आणि या वेळी दादांना त्यांचे चेहरे दिसले असते.

माणिकरावांना एकट्याला सांगायचं ठरवलं. पण बहिऱ्या माणसाला गुपचूप सांगायचं म्हणजे ओरडूनच सांगावं लागतं. मी वहीचं पान फाडलं, लिहिलं, 'सुरामागे बारीक झिरझिर येते. दादांना कळू देऊ नका,' आणि त्यांच्या हातात दिलं. प्रेस शॉपमधल्या माणसाची सवय अशी की कागदावर आलेली सूचना तो मोठ्याने वाचून खात्री करून घेतो.

"सुरामागे बारीक झिरझिर येते!" माणिकराव गरजले. "दादांना कळू देऊ नका!"

दादांनी कांडी खाली ठेवली.

"येते?" त्यांनी मला विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

"मला नाही आली."

"मलाबी नाही," माणिकराव म्हणाले. कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली. मग माणिकरावांनी मुठीवर तळहात ठेवला: मशीन अडकलं. दादा हसले, पण थोडंच.

"ताई, तुम्ही आमचा कान व्हा. आवाज आला की हात वर करा," माणिकराव म्हणाले. दादा एकेक तार छेडत गेले, मी हात वर करत गेले. हात जवळजवळ सगळ्याच वेळी वर होता. झाकण उघडून बघायला हवं, म्हणजे आठ स्क्रू काढायला हवेत. स्क्रू-ड्रायव्हर पाटावर.

"आज न्हाई," हौसाबाई चुलीपासूनच म्हणाल्या.

मी पर्समधून चार आण्याचं नाणं काढलं. "याने फिरेल."

"फिरंल की. मंग नाणं बी हत्यारच झालं."

मी नाणं परत पर्समध्ये टाकलं. मुक्काम वाढवला. परतीचं आरक्षण बुधवार दुपारचं होतं, ते गेलं. मी वहीत काट मारली आणि खाली नवी यादी लिहिली. जेवायला पुरणपोळी, कटाची आमटी आणि वर बाजरीची भाकरी. आमच्याकडे पुरणाच्या पानावर भाकरी कुणी वाढणार नाही. हौसाबाईंना तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "पुरान जिभंला, भाकर पोटाला."

कुरुळी, बुधवार, दसरा

सकाळी हत्यारांवर दूध-पाणी शिंपडून हौसाबाईंनी पाट जरासा हलवला आणि म्हणाल्या, "हं, घ्या आता." माणिकरावांनी स्क्रू-ड्रायव्हर कपाळाला लावला आणि आठ स्क्रू काढून एका वाटीत ठेवले. मी मोजले. झाकण उचललं.

आतली अॅल्युमिनियमची वाटी आरशासारखी चकचकीत होती, आणि तिच्यावर, कुंकवाने लाल झालेल्या, सात अक्षता. फुलाच्या भोकांतून आत पडलेल्या. दोन ओल्या कुंकवाने कडेला चिकटून वाळल्या होत्या, पाच मोकळ्या.

माणिकरावांनी वाटी मोजली होती, स्क्रू मोजले होते, पत्रा शंभरदा मोजला होता. त्यांनी हौसाबाईंकडे पाहिलं.

"देवाला टाकल्या," हौसाबाई म्हणाल्या. "त्येच्या पोटाला त्वांड हाय हे मला काय ठावं?"

"पाच नंबरला माझ्या हातून चूक नाही," माणिकराव दादांना ओरडून म्हणाले. "बायकोच्या हातून आहे."

"तुमच्या गिटारीची पूजा केली ही चूक व्हय? उद्यापासनं नुसत्या हातोड्यांची करते."

सात दाणे त्यांनी चिमट्याने उचलून हौसाबाईंच्या तळहातावर दिले. त्या तुळशीत टाकून आल्या. झाकण बसलं. दादांनी छेडलं. मी ओट्याच्या कडेला हात मांडीवर ठेवून बसले, तो वर करायला लागला नाही. स्वच्छ, भरीव, घंटेच्या जवळ जाणारा पण घंटा नसलेला आवाज. लाकडासारखा नाही. तसा असावा असंही मला वाटलं नाही.

दादांनी चाल वर नेली, अगदी वरच्या टोकापर्यंत, आणि तिथून खाली आले. मग मला विचारलं, "वरचं पण सगळं वाजलं ना?"

"वाजलं."

"तुला सगळं ऐकू आलं?"

"आलं."

"मग ठीक आहे," म्हणाले, आणि तीच चाल पुन्हा घेतली. कांडी अचूक त्या जागी जात होती जिथे चाळीस वर्षं जात आली आहे.

माणिकराव हे बघत होते. दादा हात धुवायला गेल्यावर त्यांनी माझी वही मागितली आणि लिहिलं. या वेळी वाचून दाखवलं नाही. लिहिलं होतं: 'भाऊंना वरचे सूर ऐकू येत नाहीत, नुसता हात चालतो. माझंही तसंच आहे. पण वाटी जाड-पातळ केली की आवाज खाली-वर सरकतो. नेमकं कुठून पुढे ऐकू येत नाही ते कळलं तर दुसरी वाटी त्या मापाने करून देतो. घरी बसून एकेक जागा तपासा आणि तक्ता पाठवा.' खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, 'अंदाजाने नको.'

मिरज

गुरुवारी परतलो. बसमध्ये या वेळी पेटीचं तिकीट रास्त होतं. जाणाऱ्यांसाठी दोन सूचना: कुरुळीला जायचं तर खंडेनवमी टाळा, आणि माणिकरावांना काही खाजगी सांगायचं असेल तर लिहूनही सांगू नका.

गल्लीच्या टोकाचे कारागीर रविवारी आले. दादांनी वाजवलं. त्यांनी पोलादाच्या पाठीवरून हात फिरवला, झाळलेली जागा शोधली, सापडली नाही. "कोण म्हणालात हा माणूस?" एवढंच विचारलं आणि नाव दोनदा सांगायला लावलं. दादांनी सोमवारपासून वर्ग सुरू केले आहेत. सध्या पाच मुली आणि एक पोस्टमन येतात.

तक्ता मी परतल्याच दिवशी आखला. सहा तारा, प्रत्येकीवर बारा जागा, म्हणजे बहात्तर घरं. ऐकू आलं तर बरोबरची खूण, नाही आलं तर फुली. पहिल्या दिवशी दादा म्हणाले, आज दमलोय. मग पाहुणे होते. मग नव्या तारा रुळू दे म्हणाले. परवा मी तक्ता घेऊन समोर बसले, तेव्हा त्यांनी वाजवणं थांबवलं नाही. डोळे मिटलेले, हात वरच्या टोकाला. मी चाल संपेपर्यंत थांबले आणि मग चहा ठेवायला उठले.

माणिकरावांचं कार्ड आलं आहे, दिवाळीच्या सुट्टीत वाटी करायला बसतो, तक्ता त्याआधी हवा. तो गिटारीच्या पेटीच्या झाकणाला आतून टाचून ठेवला आहे. बहात्तर घरं, सगळी कोरी.